सोमवारची पांजण

जुनं सोलापूर किती छान होतं, असं कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा नातवाच्या शाळेतली दोन-तीन मंडळी घरी आली होती. जुन्या माणसांच्या गोड आठवणींचं पुस्तक काढायचं आहे, आजी, तुम्हीही लिहा, म्हणाली. मी म्हटलं, गोड काही नाही, आहे ते देईन. मंडळी हसली. म्हातारी माणसं असंच तिरकं बोलतात, असं त्यांना वाटलं असावं.

शिक्षण किती, असंही त्यांच्या कागदावर एक कलम होतं. तिथं मी लिहिलं, मराठी सातवीपर्यंत, सातवी पास नाही. ही सातवी कशी राहिली तेवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं सोलापूर ज्यांना छान वाटलं त्यांनी लिहावं.

पहिली लढाई संपल्यावर दोन-तीन वर्षांनी, हातमागवाल्यांच्या एका गल्लीत माझा जन्म झाला. दोन्ही बाजूंना बुटकी घरं, आणि प्रत्येक घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला माग. बाप त्या खड्ड्यात पाय सोडून सकाळी बसला की जेवायलाच वर यायचा. आमच्या शेजारच्या गल्ल्या तेलुगू बोलणाऱ्यांच्या. आमच्यातली निम्मी घरं मराठी. पण मागाचा आवाज सगळ्यांचा सारखाच, दिवसभर खटक-खटक. लोक आता सांगतात की तो आवाज कानाला गोड लागायचा. मला तो आजही दात दुखल्यासारखा आठवतो. आणि गल्लीत म्हणे फार एकी होती. एकी कसली डोंबलाची. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, कोणाची लेक न्हाती झाली, कोणाची सून उशिरा उठते, यावर साऱ्या गल्लीचे डोळे. त्याला हे लोक एकी म्हणतात.

आमच्या घरात तिघंच. बा, आई आणि मी. माझ्या आधीची दोन आणि नंतरचं एक, अशी तीन भावंडं जगली नाहीत. भिंतीपलीकडे बाचा थोरला भाऊ, म्हणजे माझे चुलते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा एका दाराच्या चौकटीवरून दोघा भावांचं जुंपलं, आणि तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नसत. भिंत एक, परसातला हौद एक, पण बोलणं बंद. काही निरोप असला तर आईनं काकूला सांगायचा आणि काकूनं आईला. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

आता पांजण म्हणजे काय ते सांगते. लुगडं विणायच्या आधी उभ्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर मागावर ते तटातट तुटतं. त्यासाठी त्या शेकडो तारा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायच्या, बांबूच्या घोड्यांवर टेकवायच्या, त्यावर पिठाची पातळ खळ मारायची, आणि दोन्ही अंगांनी दोन माणसांनी मोठाले कुंचे ओढत जायचं-यायचं. पहाटे धरायचं आणि ऊन तापायच्या आत संपवायचं. एकदा खळ लागली की थांबणं नाही. थांबलात तर तारा एकमेकींना चिकटतात आणि सगळं सूत मातीमोल होतं. कुंचा फिरताना तारा तुटतात. त्या ओल्या आहेत तोवर चिमटीत धरून, पीळ देऊन सांधायच्या. हे काम बायका-पोरींचं. आमच्या घरात ते आईचं आणि माझं. माझी बोटं बारीक होती आणि मी फार भराभर सांधायची. गल्लीतल्या बायका माझं कौतुक करायच्या, आणि मला त्या कौतुकाचा मनस्वी राग यायचा.

गल्ली एक आणि घरं पुष्कळ, म्हणून प्रत्येकाचा वार ठरलेला. तात्यांचा सोमवार, आमचा बुधवार. दुसऱ्याच्या वारी गल्लीत दोरीसुद्धा बांधायची नाही असा दंडक. आमच्या पांजणीला दुसरा कुंचा समोरच्या घरातला माणूस ओढायचा, आणि त्याच्या पांजणीला बा. या माणसाला दोन बायका. पहिलीचा हात जात्यात सापडून अधू झाला, तर सहा महिन्यांत त्यानं दुसरी आणली. लग्नाला सगळी गल्ली जेवून आली. मागाच्या घरात हात कमी पडून चालत नाही, असं सगळे म्हणाले, आणि पहिली अधू हातानंच दुसरीच्या लग्नात वाढत होती. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

अशा गल्लीतून मी शाळेत जात होते याचं श्रेय बाला दिलं पाहिजे. तो स्वतः अंगठेबहाद्दर, पण मुलींच्या शाळेतल्या बाई घरी आल्या की खड्ड्यातून वर येऊन उभा राहायचा. बाई विधवा होत्या, नगरच्या बाजूच्या, आणि पोरींना बोलताना कधी हेंगाडं बोलू देत नसत. मी सहावीत पहिली आले तेव्हा त्यांनी बाला सांगितलं, "हिला सातवीची परीक्षा देऊ द्या. पास झाली की मी पुण्याला शिक्षिकांच्या कॉलेजात घालते. तिथं राहायची-जेवायची सोय होते. दोन वर्षांत मास्तरीण होऊन येईल."

बा म्हणाला, "तुमी म्हनता तर जाऊ दे की."

आई चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही. ती तशी कधीच काही बोलत नसे, म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्या गल्लीत मनानं राहतच नव्हते. रहाटावर सुताच्या कांड्या भरताना शेजारी भूगोलाचं पुस्तक उघडं ठेवायची. नद्या, घाट, आगगाडीचे फाटे सगळं तोंडपाठ. मला मास्तरीण व्हायची हौस होती म्हणण्यापेक्षा मला पांढरं स्वच्छ लुगडं नेसून खुर्चीवर बसायचं होतं, आणि ज्या खोलीत बसेन तिथं माग नको होता.

परीक्षा सोमवारपासून होती. पहिला पेपर सकाळी आठला, दुसऱ्या शाळेत. एक पेपर चुकला की सगळी परीक्षा बुडाली, हे बाईंनी दहादा बजावलं होतं. आमची पांजण बुधवारी, आणि बुधवारचा पेपर दुपारचा. मी महिनाभर आधीच बोटांवर मोजून बघितलं होतं. कुठंच आडवं येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी आई परसातून आली आणि बाला म्हणाली, "थोरल्यांनी वार बदलून मागितलाय. उंद्या तेंच्याकडं पोरीला बघाया पाव्हनं येनार हायती. तेनी बुदवार घेत्यात, आपून उंद्याचा घ्यायचा."

बा चिडला. "आत्ता सांगतोय व्हय?"

"काकू आत्ता बोलली."

"आन् पोरीचा पेपर?"

आई म्हणाली, "थोरला भाऊ हाय. न्हाय कसं म्हनायचं?"

बानं दोन शिव्या दिल्या आणि खळीचं पीठ भिजवायला सांगितलं. मला म्हणाला, "पाटंचं लौकर धरू. साताच्या आत तुला सोडतो." मी विश्वास ठेवला. दुसरं करणार काय होते? रात्रभर भिंतीकडे पाठ करून पडले होते, कारण त्या भिंतीपलीकडे तात्या झोपला होता.

सोमवारी अंधारातच सूत ताणलं. मी आंघोळ करून, वेणी घालून, शाळेचं परकर-पोलकं घालूनच उभी राहिले, वर आईचं जुनं धडुतं गुंडाळून. उजाडलं, कुंचे फिरायला लागले, आणि त्या दिवशी तारा अशा काही तुटायला लागल्या की मी एक सांधतेय तोवर पुढं तीन लोंबकळत. आई पलीकडच्या बाजूला वाकून होती. तिच्या बाजूच्या तारासुद्धा मीच हात लांबवून सांधत होते. घाईत मला त्याचंही काही वाटलं नाही.

साडेसातला बाई आल्या. माझ्या वर्गातल्या पाच मुली त्यांच्या मागं, हातात टाक आणि दौती. परीक्षेच्या शाळेकडे जाताना मला घ्यायला आल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना थांबावं लागलं, कारण ताणा, म्हणजे ते ताणलेलं सूत, आडवा होता आणि ओल्या ताण्याखालून कोणी जायचं नाही हे त्यांनाही माहीत होतं. बाईंनी छत्री मिटली आणि मला हाक मारली, "चल ग. उशीर होतोय."

मी बाकडे पाहिलं. बानं कुंचा न थांबवता आईला विचारलं, "तू एकली सांधशील का? पोरीला जाऊ दे."

आई ताण्यावरून मान वर न करता म्हणाली, "सूत लई तुटतंय आज. एकटीच्यानं न्हाय व्हायचं."

बा कुंचा ओढत राहिला. समोरच्या घरातला माणूस म्हणाला, "खळ लागली की आता. कसं सोडताव?" बाई आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मुलींपैकी एक रडायला लागली, मी नाही. मग बाई म्हणाल्या, "आम्हाला निघायला हवं," आणि गेल्या. त्या वळल्या तेव्हा माझ्या दोन्ही चिमटींत एकेक तुटकी तार होती. मला त्या सोडून ताण्याखालून पळत सुटता आलं असतं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, धट्टीकट्टी होते, बा मागं धावला नसता. पण मी त्या तारा सांधल्या. याचा राग मला स्वतःवरही आहे, आणि तो काही कमी नाही.

पांजण संपली तेव्हा मिलचा नऊचा भोंगा होऊन गेला होता.

त्या दिवशी तात्याच्या घरी पाहुणे आलेच नाहीत. मी दिवसभर दारात बसून बघत होते. ना पाहुणे, ना पोहे, ना पोरीच्या डोक्यात फूल. मग माझी खात्रीच झाली. पाहुणे ही थाप होती. भावाची पोर मास्तरीण होते हे त्याला बघवलं नाही. मी हे आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ दे," आणि भाकरी थापत राहिली.

मी जाऊ दिलं नाही. बुधवारी तात्याची पांजण होती. आमच्या परसात शेजारणीची शेळी बांधलेली असायची. शेळीला खळीचा वास आला की ती वेडी होते, हे मागवाल्यांच्या पोरांना सांगावं लागत नाही. ताण्याला खळ लागून चांगली अर्धी पांजण झाली, तेव्हा मी शेळीचं दावं सोडलं आणि तिच्या ढुंगणावर एक रट्टा दिला. ती थेट ताण्यात घुसली. तिनं खळ चाटली, तारा चावल्या, शिंगं अडकली तशी जीव खाऊन उड्या मारल्या, आणि दोन घोड्या पाडून सगळं सूत मातीत लोळवलं. काकू मटकन खालीच बसली. तिची तिन्ही पोरं चिखलातल्या तारा वेगळ्या करत बसली. ऊन वर आलं तशी खळ वाळली आणि पांढऱ्या सुताची काथ्यासारखी जट झाली.

मी दावं हातात घेऊन परसाच्या दारात उभी होते. लपले नाही. तात्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, हातातलं दावं पाहिलं. गल्लीतली माणसं गोळा झाली होती, शेळी कोणी सोडली म्हणून ओरडत होती. तात्या म्हणाला, "दावं सुटलं आसंल." एवढंच. मग खाली बसून तोही तारा वेचायला लागला.

चोराच्या मनात चांदणं, असंच मला वाटलं. स्वतः पाप केलंय म्हणून तोंड उघडत नाही. मला तेव्हा जो आनंद झाला तसा नंतर कशानं झाला नाही.

पुढं काय, पुढं काही नाही. बाई एकदा येऊन गेल्या, पुढच्या वर्षी बसवू म्हणाल्या. त्याच उन्हाळ्यात आईनं तिच्या नात्यातलं स्थळ काढलं आणि दर बुधवारी माहेरच्या पांजणीला धाडायचं या अटीवर मला चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मागाच्या घरात दिली. तिथंही माझ्या बोटांचं कौतुक झालं. मी तिथं तीस वर्षं तारा सांधल्या. आणि या सगळ्या वर्षांत मी तात्याशी एक शब्द बोलले नाही. लग्नात तो अक्षता टाकायला पुढं आला तेव्हा मी मान फिरवली. समोर आला तर रस्ता बदलायची. विचारील त्याला सांगायची की माझं शिक्षण माझ्या चुलत्यानं खाल्लं. गल्लीत त्याला ते ऐकू जात होतंच. लोक ऐकू जाईल असंच बोलतात.

बा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. तोवर तिच्या हाताची बोटं पार वाकडी होऊन आखडली होती. घास उचलता येत नसे, मीच भरवायची. त्यानंतर चार-पाच वर्षांनी तात्या वारला. मी मयताला गेले नाही. दहाव्याला मात्र नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील, म्हणून गेले आणि कोपऱ्यात बसले. जेवणं झाल्यावर काकू माझ्याशेजारी येऊन बसली.

"आता तेनी गेले," ती म्हणाली. "आता सांगते. त्या टायमाला सोमवार आमी मागितला न्हवता. तुजी आई आली हुती मागायला. रईवारी दुपारी. लई रडली. कुनाला सांगू नगा म्हनली."

 मी विचारलं, "आणि तात्यांना माहीत होतं?"

"म्या तेंना सांगितलं की. तू शेरडी सोडलीस तवा म्या तुज्या दारात भांडाय निगाले हुते. तेनी हात धरला. म्हनले, पोरीनं माझ्यावर राग धरला तर काय बिगडत न्हाय. आईवर धरला तर जाईल कुटं?"

मला रडू आलं नाही. मला तात्याचाही रागच आला. मोठेपणा करायचा तर स्वतःच्या घरात करावा, माझ्या जिवावर कोणी सांगितला होता? एक माणूस एक शब्द बोलला असता तर मी खऱ्या माणसाशी भांडले असते. आता भांडायला तोही उरला नव्हता आणि माझ्या तोंडून गेलेलं काही परत घेता येणार नव्हतं. काकूला मी नमस्कारसुद्धा न करता उठले.

घरी आले तर आई भुकेली बसून होती. मी ताट वाढून घेतलं, दोन घास भरवले आणि विचारलं, "त्या साली सोमवार तू मागितलास?"

"कुनी सांगितलं?"

"काकूनं."

"मग खरंच आसंल की," ती म्हणाली, आणि घास चावत राहिली. मग मांडीवरचे हात तिनं थोडे वर उचलले. "त्याच साली ही दोन बोटं गेली. चिमटीत तार यायची न्हाय. तू सांधायचीस आन् म्या नुसती वाकून दावायची. तुज्या बाला ठावं न्हवतं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगून तू ऱ्हायली आसतीस व्हय?"

मी राहिले नसते. हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "बा दुसरी आणणार असं कधी बोलला होता तुझ्यापाशी?"

"बोलाया कशाला लागतंय? पोरगा न्हाय, हात न्हाईत. समूरच्या घरात काय बोलून आनली हुती?"

मला ते कळलं. कळून माझा राग रतीभर कमी झाला नाही. तिला इतक्या वर्षांनी तरी टोचावं म्हणून मी म्हणाले, "एवढं कशाला करायचं? नुसतं पेपराला जाऊ द्यायचं. नापास झाले असते, आले असते आपोआप घरी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट मला कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

"तू नापास व्हनार आसतीस," ती म्हणाली, "तर म्या कशाला आडवली आसती?"

माझ्या शिकण्याबद्दल आई जन्मात एवढंच बोलली. मग पुढच्या घासासाठी तिनं तोंड उघडलं. मी ताट तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि हात धुवायला उठले.